वाचकांचे प्रश्न : माहितीचे गट पाडताना

गेल्या अंकातील डेटा मायनिंगवरच्या लेखात क्लस्टरिंगचा, म्हणजे एकमेकांसारख्या नोंदी एका गटात आणि निराळ्या नोंदी निराळ्या गटांत आणण्याच्या पद्धतींचा, उल्लेख एका परिच्छेदात आटोपला होता. त्यानंतर आलेली पत्रे पाहता हा विषय अनेकांच्या रोजच्या कामात येऊन पोहोचला आहे असे दिसते, म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : वर्गीकरण आणि क्लस्टरिंग यांत नेमका फरक काय? पुस्तकात दोन्हींच्या व्याख्या आहेत, पण शेवटी दोन्हीकडे गटच पडतात.
— पदवीचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : वर्गीकरणात गट आधी ठरलेले असतात आणि काही नोंदी कोणत्या गटातल्या हे कोणा जाणकाराने लिहून ठेवलेले असते. त्यांवरून संगणक नियम शिकतो आणि नवी नोंद त्यांपैकी एका गटात बसवतो. त्याचे चुकले की बरोबर आले हे पडताळता येते, कारण उत्तर आपल्यापाशी असते. क्लस्टरिंगमध्ये असे उत्तर नसते. गट किती, त्यांची नावे काय, मुळात गट आहेत की नाहीत, यांपैकी काहीच दिलेले नसते.

एकाच माहितीवर दोन्ही कामे करून पाहिली की हा फरक लक्षात येतो. वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांनी आयरिस फुलांची मापे घेतली होती आणि संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी ती १९३६ मध्ये आपल्या निबंधात वापरली. सेटोसा, वर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन जातींची प्रत्येकी ५० अशी १५० फुले, आणि प्रत्येक फुलाची निदल व पाकळी यांची लांबी-रुंदी अशी चार मापे. जातींची नावे संगणकाला देऊन नियम शिकवला, तर ते वर्गीकरण. नावे झाकून केवळ मापे दिली आणि तीन गट पाडायला सांगितले, तर ते क्लस्टरिंग. के-मीन्स या सर्वांत प्रचलित पद्धतीने (तिचे वर्णन पुढच्या उत्तरात आहे) असे केल्यास ५०, ६२ आणि ३८ फुलांचे गट पडतात. पन्नासांचा गट संपूर्ण सेटोसाचा असतो. बासष्टांच्या गटात ४८ वर्सिकलर आणि १४ व्हर्जिनिका, तर अडतिसांच्या गटात ३६ व्हर्जिनिका आणि २ वर्सिकलर येतात. ही १६ फुले ‘चुकली’ असे अनेक जण लिहितात, ते मला पटत नाही. या दोन जातींची मापे एकमेकांत मिसळलेली आहेत आणि संगणकाला मापांपलीकडे काही सांगितलेलेच नव्हते. क्लस्टरिंगचे फळ वाचताना हे सतत ध्यानात ठेवावे लागते: दिलेल्या मापांपुरतेच ते बोलते.

प्रश्न : के-मीन्स ही पद्धत मी वर्गात शिकले. एकच फाइल मी अनेकदा चालवली, तर गट दर वेळी थोडे वेगळे येतात. प्रोग्राममध्ये दोष आहे का?
— एम.एस्सी. (संगणकशास्त्र) विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : प्रोग्राम बहुधा निर्दोष असावा. पद्धतीचा स्वभावच तसा आहे, आणि तो हाताने करता येण्याजोग्या उदाहरणावरून पाहणे चांगले.

सहा गवळी रोज अनुक्रमे २, ३, ४, १०, ११ आणि १८ लिटर दूध घालतात असे समजू आणि त्यांचे दोन गट पाडू. के-मीन्समध्ये प्रथम दोन आकडे केंद्र म्हणून निवडतात, प्रत्येक नोंद जवळच्या केंद्राकडे देतात, मग प्रत्येक गटाची सरासरी काढून तेच नवे केंद्र धरतात, आणि नोंदी हलायच्या थांबेपर्यंत हे चालू ठेवतात. सुरुवातीची केंद्रे २ आणि ३ घेतली, तर पहिल्या फेरीत २ एकटा राहतो आणि बाकीच्या पाचांची सरासरी ९.२ येते. दुसऱ्या फेरीत ३ आणि ४ हे आकडे २ च्या गटात येतात. केंद्रे ३ आणि १३ होतात, आणि पुढे काही हलत नाही. गट झाले २, ३, ४ आणि १०, ११, १८. केंद्रापासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज, जी कमीत कमी असावी हा या पद्धतीचा हेतू आहे, ती येते ४०.

आता सुरुवात ११ आणि १८ पासून करू. पहिल्याच फेरीत २, ३, ४, १०, ११ हे पाच एकीकडे जातात, त्यांची सरासरी ६ येते, आणि १८ एकटा उरतो. अकरा हा आकडा ६ पासून ५ अंतरावर आणि १८ पासून ७ अंतरावर आहे, म्हणून तो जागचा हलत नाही आणि काम येथेच थांबते. वर्गांची बेरीज मात्र ७० आहे. दोन्ही उत्तरे पद्धतीच्या नियमांनुसार पूर्ण आहेत, पण दुसरे निकृष्ट आहे आणि तेथे अडकलेला संगणक स्वतःहून बाहेर पडू शकत नाही.

सगळ्या शक्यता तपासून सर्वोत्तम का निवडू नये, असे तुमच्या मनात येईल. केवळ २० नोंदींचे तीन गट पाडण्याचे ५८ कोटींहून अधिक प्रकार आहेत, आणि नोंदी वाढतात तसा हा आकडा आवाक्याबाहेर जातो. चेन्नईच्या इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेसमध्ये तेव्हा काम करणाऱ्या मीना महाजन व प्राजक्ता निंभोरकर यांनी कस्तुरी वरदराजन यांच्यासह २००९ मध्ये सिद्ध केले, की बिंदू सपाट कागदावरचे असले तरी हा प्रश्न, गटांची संख्या वाटेल ती असू दिल्यास, एनपी-कठीण आहे. म्हणजे ज्यांचे सर्वोत्तम उत्तर हमखास देणारी जलद रीत कोणालाही सापडलेली नाही अशा प्रश्नांपैकी तो आहे. त्यामुळे व्यवहारात सुरुवात अनेकदा बदलून पद्धत चालवतात आणि सर्वांत कमी बेरजेचे उत्तर ठेवतात. सुरुवातीची केंद्रे एकमेकांपासून दूर पडण्याची शक्यता वाढवणारी, के-मीन्स प्लस प्लस नावाची सुधारणा डेव्हिड आर्थर आणि सर्गेई वासिलवित्स्की यांनी २००७ मध्ये मांडली. बहुतेक आज्ञावल्यांत ती असते. तुमच्या प्रोग्राममध्ये आहे का ते पाहा आणि प्रबंधात किती सुरुवाती घेतल्या तेही लिहा.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. अठरा लिटरवाला एकटा गवळी सरासरीला आपल्याकडे ओढतो. अशा एकट्या दूरच्या नोंदी पुष्कळ असतील, तर सरासरीऐवजी गटातली एखादी प्रत्यक्ष नोंदच केंद्र मानणारी के-मेडॉइड्स ही पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

प्रश्न : आमच्या संस्थेच्या उत्पादकांचे रोजचे लिटर, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटखेरीजचे घनपदार्थ) यांवरून माझ्या पुतण्याने संगणकावर चार गट पाडून दाखवले. ते फक्त लिटरवरून पडल्यासारखे वाटतात. गाईचे आणि म्हशीचे दूध घालणारे सगळे एकत्र झाले आहेत. असे का व्हावे?
— दूध संस्थेचे सचिव, सांगली जिल्हा

उत्तर : सचिवसाहेब, तुमची शंका रास्त आहे. संगणकाला लिटर आणि फॅट यांतला फरक कळत नाही, त्याला फक्त आकडे दिसतात. पहिला उत्पादक गाईचे ६ लिटर आणि ३.८ फॅटचे दूध घालतो, दुसरा म्हशीचे ६ लिटर आणि ६.८ फॅटचे, तिसरा गाईचे १२ लिटर आणि ३.८ फॅटचे. सरळ अंतर मोजले, तर पहिला आणि दुसरा यांच्यात ३ चे अंतर पडते, पहिला आणि तिसरा यांच्यात ६ चे. म्हणून गाय आणि म्हैस शेजारी बसतात आणि दोन गाईवाले दुरावतात. लिटरऐवजी मिलिलिटर लिहिले असते, तर फॅटचा प्रभाव शून्यवत झाला असता, आणि दूध मात्र तेच राहिले असते.

यावर नेहमीचा उपाय असा, की प्रत्येक मापाला त्याच्या प्रमाण विचलनाने (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते सांगणाऱ्या मापाने) भागायचे, म्हणजे सर्व मापे एका पातळीवर येतात. तुमच्या संस्थेत लिटरचे प्रमाण विचलन ५ आणि फॅटचे १.५ आहे असे धरले, तर पहिल्या-दुसऱ्याचे अंतर २ आणि पहिल्या-तिसऱ्याचे १.२ होते. शेजार उलटला. मात्र हा उपायही डोळे मिटून करू नये. कोकणातल्या गावांचे बारा महिन्यांच्या पावसावरून गट पाडताना प्रत्येक महिना त्याच्या विचलनाने भागला, तर जानेवारीतल्या एखाद्या सरीला जुलैच्या पावसाइतके वजन मिळते. तेथे सगळी मापे मिलिमीटरमध्येच असल्यामुळे त्यांना हात न लावणे बरे.

तुमच्या माहितीत दुसरी एक अडचण आहे. बऱ्याच केंद्रांवर एसएनएफ स्वतंत्रपणे मोजत नाहीत. लॅक्टोमीटरच्या (दुधाची घनता मोजणाऱ्या उपकरणाच्या) वाचनावरून आणि फॅटवरून सूत्राने काढतात. म्हणजे फॅटचा काही भाग एसएनएफमध्ये पुन्हा येतो आणि एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. एकमेकांशी बांधलेल्या मापांचा हा प्रश्न आपल्याकडे फार आधी हाताळला गेला आहे. १९२० मध्ये नागपूरला भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन ॲनंडेल यांनी भारतीय संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्याविषयी सुचवले. उंची, डोक्याची लांबी, चेहऱ्याची रुंदी ही मापे एकमेकांवर अवलंबून असतात. उंच माणसाचे बरेच काही लांब असते. या कामातून पुढे महालनोबिसांनी १९३६ मध्ये ज्या अंतराची अंतिम मांडणी केली, त्यात मापांचा परस्परसंबंध वजा करूनच जवळीक मोजली जाते. आज जगभर ते महालनोबिस अंतर म्हणून वापरले जाते, आणि मराठी विद्यार्थ्याला ते परदेशी पुस्तकातूनच कळावे याचे मला मनापासून वाईट वाटते.

तुमच्यापुरते सांगायचे, तर प्रथम गाय आणि म्हैस वेगळे करा. ही नोंद रजिस्टरमध्ये आहेच. जे ठाऊक आहे ते संगणकाकडून शोधून घेण्यात वेळ घालवू नये. मग एसएनएफ वगळून, किंवा त्याऐवजी लॅक्टोमीटरचे मूळ वाचन घेऊन, दोन्हींचे गट स्वतंत्रपणे पाडा.

प्रश्न : माझ्या एम.एस्सी. (कृषी) प्रबंधासाठी रब्बी ज्वारीच्या ४० वाणांचे डी-वर्ग मूल्यांवरून टोचर पद्धतीने गट पाडले. २९ वाण एका गटात, ५ दुसऱ्यात आणि उरलेले ६ एकेकटे आले. डेंड्रोग्राम काढला तर गट निराळेच दिसतात. खरे कोणते मानावे?
— कृषी विद्यापीठातील विद्यार्थी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : डी-वर्ग म्हणजे वर सांगितलेल्या महालनोबिस अंतराचाच वर्ग. तो वनस्पतीपैदाशीच्या कामात रुजला, कारण पैदासकाराला एकमेकांपासून आनुवंशिकदृष्ट्या दूर असलेले पालक हवे असतात; दूरच्या गटांतले पालक घेऊन केलेल्या संकरात जोम मिळण्याची आशा अधिक असते. अंतरे हाती आल्यावर गट कसे पाडावेत यासाठी संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात टोचर यांनी सुचवलेली रीत दिली, आणि भारतीय कृषी विद्यापीठांत ती आजतागायत चालू आहे.

तुमचे फळ असे का आले, याचे उत्तर त्या रीतीतच आहे. सर्वांत जवळच्या दोन वाणांपासून आरंभ करून एकेक वाण गटात घ्यायचा आणि सरासरी अंतर एका मर्यादेपलीकडे वाढले की तो गट बंद करायचा. ही मर्यादा बहुधा अशी ठरवतात: प्रत्येक वाणाचे त्याच्या सर्वांत जवळच्या शेजाऱ्यापासूनचे अंतर घ्यायचे आणि त्यांतले सर्वांत मोठे निवडायचे. त्यामुळे चाळिसांत एखादाच वाण अगदी जगावेगळा असला, तरी मर्यादा त्याच्यावरून ठरते, ती फार सैल होते, आणि मधले बहुसंख्य वाण एका मोठ्या गटात कोंबले जातात. एक अवाढव्य गट आणि बाजूला एकेकटे वाण हे चित्र अनेक प्रबंधांत दिसते. दुर्दैवाने तेथे ‘वाणांत भरपूर विविधता आढळली’ असा निष्कर्ष लिहिलेला असतो. ती विविधता त्या थोड्या एकाकी वाणांची असते. मोठ्या गटाच्या आत काय चालले आहे याविषयी पद्धत काहीच सांगत नाही.

डेंड्रोग्राम श्रेणीबद्ध क्लस्टरिंगमधून येतो. सुरुवातीला प्रत्येक वाण स्वतंत्र असतो, मग सर्वांत जवळचे दोन जोडले जातात, नंतर पुढचे, अशा रीतीने शेवटी सगळे एका खोडाशी येऊन मिळतात. एकदा झालेली जोडणी पुन्हा मोडत नाही, हा या पद्धतीतला मोठा उणेपणा. शिवाय दोन गटांमधले अंतर कशाला म्हणायचे हे निवडावे लागते. दोन्हींकडचे सर्वांत जवळचे सभासद पाहिले, तर एकाला एक लागून लांबच लांब साखळ्या तयार होतात. सर्वांत दूरचे सभासद पाहिले, तर गट आटोपशीर येतात. जो वॉर्ड यांची १९६३ ची पद्धत प्रत्येक जोडणीत गटांतर्गत वर्गांची बेरीज कमीत कमी वाढेल असे पाहते, आणि तिचा कल साधारण सारख्या आकाराच्या गटांकडे असतो. तुमचा डेंड्रोग्राम वॉर्डचा असेल, तर टोचरच्या एका मोठ्या गटाचे तेथे चार-पाच तुकडे झालेले दिसणे साहजिक आहे.

तेव्हा दोन्हींत खरे-खोटे शोधू नका. ते एकाकी सहा वाण डेंड्रोग्राममध्येही सर्वांत शेवटी जोडले जातात का, ते पाहा. तसे असेल, तर त्यांच्या वेगळेपणावर विश्वास ठेवायला आधार मिळतो आणि ते कोणत्या गुणामुळे वेगळे पडले, फुलोऱ्याच्या दिवसांमुळे की दाण्याच्या वजनामुळे, याची चर्चा प्रबंधात करता येते. मोठ्या गटातल्या २९ वाणांचे वेगळे विश्लेषण करा. मार्गदर्शकांना हे दाखवून त्यांचे मत घ्या. ज्वारी त्यांनी शेतात पाहिलेली आहे.

प्रश्न : माहितीत जिल्ह्याचा रकाना आहे. जिल्ह्यांना १ ते ३६ आकडे देऊन के-मीन्स चालवले तर चालेल का?
— संगणक प्रशिक्षक, लातूर

उत्तर : चालणार नाही. तसे केल्यास ५ क्रमांकाचा जिल्हा ६ क्रमांकाच्या जिल्ह्यासारखा आणि ३६ क्रमांकापासून फार दूरचा ठरेल, आणि क्रमांक तर तुम्ही मनाने दिलेले आहेत. सगळेच रकाने अशा नावांचे असतील तर सरासरीऐवजी बहुलक (सर्वांत अधिक वेळा येणारे मूल्य) घेणारी के-मोड्स पद्धत वापरा. आकडे आणि नावे मिसळलेली असतील तर गॉवर यांनी १९७१ मध्ये दिलेला साम्य-गुणांक काढून त्यावर श्रेणीबद्ध पद्धत चालवा. त्यासाठी प्रत्येक जोडीचे अंतर लागते, एवढे लक्षात असू द्या: दहा हजार नोंदींच्या सुमारे पाच कोटी जोड्या होतात आणि एक लाख नोंदींच्या सुमारे पाचशे कोटी.

प्रश्न : महामार्गावरील अपघातांच्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन अपघातप्रवण जागा शोधायच्या आहेत. के-मीन्सने दहा गट पाडले, तर काही केंद्रे रस्त्यापासून दूर शेतातच पडली. दुसरी कोणती पद्धत घ्यावी?
— स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक

उत्तर : के-मीन्स प्रत्येक नोंद कोणत्या ना कोणत्या गटात घालतेच, आणि तिचे केंद्र म्हणजे सरासरी असल्यामुळे वळणाच्या रस्त्यावर ते सहज रस्त्याबाहेर जाते. तुम्हाला हव्या आहेत त्या दाट जागा, आणि तुरळक अपघात गटांबाहेर राहिलेले हवे आहेत. त्यासाठी डीबीस्कॅन योग्य. म्युनिकमधील एस्टर, क्रीगल, झांडर आणि शू या चौघांनी ती १९९६ मध्ये मांडली. तिला दोन गोष्टी सांगाव्या लागतात: शेजार किती अंतरापर्यंतचा मानायचा आणि त्या शेजारात किमान किती बिंदू असले म्हणजे जागा दाट म्हणायची. दाट बिंदू एकमेकांना जोडत गट वाढतो, काठावरचे बिंदू त्याला चिकटतात, आणि जे कोठेच बसत नाहीत ते गोंगाट म्हणून बाजूला राहतात. गटांची संख्या आधी सांगावी लागत नाही.

हे दोन आकडे अंदाजाने घेऊ नका. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असतील, तर तो ब्लॅक स्पॉट मानतात. तीन वर्षांच्या नोंदी, किमान पाच बिंदू आणि त्या लांबीशी सुसंगत शेजार अशी सुरुवात केली, तर तुमचे फळ अधिकाऱ्यांच्या यादीशी ताडून पाहता येईल. अक्षांश-रेखांश तसेच वापरू नका. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो, आणि नाशिकच्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश त्याहून सुमारे सहा किलोमीटरने लहान असतो. आधी मीटरमध्ये रूपांतर करा.

घाटाच्या बाबतीत विशेष सांभाळावे लागते. नागमोडी वळणांवर रस्त्याचे दोन पदर हवेतून शंभर-दीडशे मीटरवर असतात, पण गाडीला तेवढ्यासाठी दीड किलोमीटर जावे लागते. सरळ रेषेतले अंतर घेतले, तर वरच्या पदरावरचे आणि खालच्या पदरावरचे अपघात एका गटात येतील आणि दुरुस्ती भलत्याच वळणावर होईल. डीबीस्कॅनला कोणतेही अंतर चालते, म्हणून रस्त्यालगत मोजलेले अंतर द्या. जोडत जोडत वाढणारा गट कधीकधी तीन-चार किलोमीटर लांबीचाही होतो. त्याला एक ‘जागा’ म्हणण्यापूर्वी नकाशावर पाहा, कारण तेथे अडचण एका वळणाची नसून संपूर्ण पट्ट्याची असू शकते. शहरालगतची दाटी आणि माळावरची दाटी एकाच आकड्यात बसत नसेल, तर ऑप्टिक्स ही १९९९ ची पद्धत अभ्यासा.

प्रश्न : गट किती पाडायचे हे ठरवण्याचा खात्रीचा नियम आहे का?
— गणिताच्या शिक्षिका, मडगाव

उत्तर : नाही, आणि नियम शोधण्यात कोणी कसूर केलेली नाही. वरच्या सहा गवळ्यांचा एकच गट ठेवला, तर वर्गांची बेरीज १९० येते, दोन गटांना ४०, तीन गटांना २.५, चारांना १. गट वाढवत गेल्यास ती कमीच होत जाते, म्हणून बेरजेचा आलेख कोठे एकदम वाकतो ते पाहण्याची प्रथा आहे. पण हेच चार आकडे पाहून एक जण दोन गट म्हणेल आणि दुसरा तीन.

पीटर रूसू यांनी १९८७ मध्ये दिलेला सिल्हूट गुणांक याहून नेटका आहे. प्रत्येक नोंदीचे स्वतःच्या गटापासूनचे सरासरी अंतर आणि सर्वांत जवळच्या परक्या गटापासूनचे सरासरी अंतर यांची वजाबाकी करून त्यांतल्या मोठ्या अंतराने भागायचे. उत्तर उणे १ ते १ या दरम्यान येते आणि १ च्या जवळ असणे चांगले. हा गुणांक आयरिस फुलांना लावला, तर दोन गटांना ०.६८ आणि तीन गटांना ०.५५ येतो. गुणांक म्हणतो दोन, वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणतात तीन. गुणांकाने मापांतली फट पाहिली आणि ती खरोखर एकच ठळक आहे. जाती किती, हा त्याला विचारलेला प्रश्नच नव्हता.

जॉन क्लाइनबर्ग यांनी २००२ मध्ये सिद्ध केलेले एक प्रमेय तुम्हाला गणिताच्या शिक्षिका म्हणून आवडेल. कोणत्याही क्लस्टरिंग पद्धतीकडून तीन साध्या अपेक्षा धरू: मोजण्याचे एकक बदलल्याने गट बदलू नयेत, योग्य अंतरे दिल्यास कोणतीही गटरचना मिळू शकावी, आणि गटांतल्या नोंदी आणखी जवळ व परक्या नोंदी आणखी दूर केल्याने तीच रचना टिकावी. या तिन्ही अपेक्षा एकत्र पुऱ्या करणारी पद्धत असूच शकत नाही. म्हणून गट कशासाठी हवेत हे आधी सांगावे लागते. चार टँकर आहेत म्हणून चार गट पाडणे ही पूर्णपणे योग्य निवड आहे, फक्त ती निवड आहे असे लिहावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कर्जदारांचे एका सल्लागाराने पाच गट पाडून त्यांना ‘भरवशाचे’, ‘जोखमीचे’ अशी नावे दिली आहेत. यापुढे कर्ज त्यावरून द्यावे असा प्रस्ताव आहे. मी संचालक मंडळावर आहे. काय विचारावे?
— पतसंस्थेच्या संचालिका, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, मंडळापुढे हा प्रश्न आणण्याआधीच तुम्ही विचारलात हे फार बरे केले, कारण एकदा कर्जदाराच्या नावापुढे शब्द लागला की तो पुसला जात नाही. के-मीन्सला पाच गट मागितले की ती पाचच देते. निव्वळ यदृच्छेने भरलेल्या आकड्यांचेही ती पाच गट देईल. तेव्हा सल्लागारांना पहिल्यांदा हे विचारा, की नोंदींचे दोन निम्मे भाग करून दोन्हींवर वेगवेगळे गट पाडल्यास तेच पाच गट पुन्हा येतात का. येत नसतील तर पुढे बोलायचे कारण नाही.

दुसरे असे, की ‘जोखमीचे’ हे नाव संगणकाने दिलेले नाही, माणसाने दिलेले आहे. गट पाडताना हप्त्यांच्या थकबाकीचा रकाना वापरला होता का, ते पाहा. वापरला असेल, तर थकबाकीदार एका गटात आले यात शोध काही लागला नाही. वापरला नसेल, तर त्या गटातल्या लोकांनी मागील कर्जे खरोखर बुडवली का, हे तुमच्याच खतावणीवरून पडताळता येते. आणि थकबाकी कोण करील असाच प्रश्न असेल, तर परतफेडीच्या जुन्या नोंदी हाताशी असताना क्लस्टरिंग कशाला? तो वर्गीकरणाचा प्रश्न आहे आणि त्याचे चुकले-बरोबर मोजता येते.

तिसरे, कोणते रकाने घेतले याची यादी मागा. गाव, वस्ती किंवा पिनकोड त्यात असेल, तर एखादी वाडीच्या वाडी जोखमीच्या गटात गेलेली असू शकते आणि तीत वेळेवर हप्ते भरणाऱ्या बाईलाही शेजाऱ्यांच्या थकबाकीची शिक्षा होईल. लहान पतसंस्था ज्या ओळखीच्या आणि विश्वासाच्या बळावर उभ्या राहिल्या, त्यावरच हा घाला ठरेल. हंगामी उत्पन्नाचे लोकही तपासा. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबाचे खाते वर्षातले काही महिने रिकामे असते, आणि सरासरी शिलकीवरून ते नोकरदारापेक्षा फार दूर पडते.

मंडळाच्या सभेत आलेख पाहण्याआधी प्रत्येक गटातले केंद्राच्या अगदी जवळचे पाच आणि दोन गटांच्या सीमेवरचे पाच असे कर्जदार निवडून त्यांच्या फायली मागवा आणि शाखेतल्या जुन्या वसुली कर्मचाऱ्यांना गटाचे नाव न सांगता वाचायला द्या. सीमेवरच्या फायलींबद्दल त्यांचे मत गटाशी जुळले नाही, तर प्रस्ताव सल्लागारांकडे परत पाठवण्यास तेवढे कारण पुरे आहे, आणि सभेच्या इतिवृत्तात ते कारण नोंदवून घ्या.